मतदार इतके चिडलेले असतात, मग तो राग निकालात का दिसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: पारावर, एसटीत, सलूनमध्ये जो भेटतो तो सरकारच्या नावानं बोटं मोडतो, पण निकालाच्या दिवशी बऱ्याचदा तीच मंडळी गुलाल उधळताना दिसतात. मग हा राग खोटा असतो का? खरा असेल तर जातो कुठे? आणि यंत्रावरचं ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) हे बटण दाबून किंवा बहिष्कार टाकून काही होतं का?

राग खरा असतो. पण नाराजी किती आहे एवढंच मोजून निकाल कळत नाही. ती नेमकी कोणावर आहे, त्याचं चिन्ह या निवडणुकीच्या यंत्रावर आहे का, समोर धड पर्याय एक आहे की तीन, आणि मतदानाच्या तारखेपर्यंत ती टिकते का, हेही बघावं लागतं. महाराष्ट्रातलं २०२४ हे वर्ष यासाठी फार कामाचं आहे. सहा महिन्यांच्या अंतरानं जवळजवळ त्याच मतदारांनी दोनदा मत दिलं आणि दोन्ही वेळा निकाल उलटे लागले. लोकसभेला ४८ पैकी ३० जागा विरोधी महाविकास आघाडीला, १७ सत्ताधारी महायुतीला, सांगलीची एक अपक्षाला. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन पक्षांना आणि आघाडीच्या तीन पक्षांना मिळून ४६.

आता नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी लोकसभा मतदारसंघ घ्या, कारण कांद्याचा राग तिथं अगदी जवळून दिसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी आली, ती नेमकी लाल कांदा बाजारात येण्याच्या वेळी. लाल कांदा टिकत नाही. भाव पडला तरी शेतकऱ्याला तो विकावाच लागतो, त्यामुळे बंदीचा फटका त्याच आठवड्यात खिशाला बसतो. मार्चपासून उन्हाळ कांदा निघाला, तो साठवणुकीच्या चाळीत गेला आणि बंदी तशीच. २५ एप्रिलला सरकारनं २,००० टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी दिली. हा कांदा प्रामुख्यानं गुजरातचा. भाव पडल्याचा राग एक, आणि ‘त्यांचा चालतो, आमचा चालत नाही’ हा राग वेगळा. दुसरा फार काळ डोक्यात राहतो, कारण त्यात अपमान असतो.

४ मेला बंदी उठली, पण अटींसह: किमान निर्यातमूल्य (याहून कमी भावानं निर्यात करता येत नाही) टनाला ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क. तेव्हाच्या ८३ रुपयांच्या दरानं हिशेब केला तर ५५० डॉलर म्हणजे किलोला साधारण ४५-४६ रुपये, शुल्क धरून ६४ च्या आसपास. या भावानं परदेशात कोण घेणार, हे लासलगावच्या बाजार समितीत उभ्या असलेल्या कुणालाही कळत होतं. म्हणजे कागदावर बंदी उठली आणि ट्रॅक्टरमधल्या कांद्याचा भाव फारसा हलला नाही. २० मेला मतदान झालं.

तेव्हा केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार २०१९ मध्ये इथून जवळपास दोन लाखांच्या फरकानं जिंकल्या होत्या. २०२४ मध्ये राष्ट्रवादी शरद पवार गटाच्या भास्कर भगरे यांच्याकडून त्या १ लाख १३ हजारांनी हरल्या. रागाच्या सगळ्या अटी इथं जुळल्या होत्या. निर्णय दिल्लीचा, उमेदवार दिल्लीतल्या मंत्री, समोर एक ठळक पर्याय, आणि माल अजून चाळीत पडलेला.

तरीही मतांची गळती बघा. त्याच मतदारसंघात बाबू भगरे नावाचे अपक्ष होते, त्यांचं चिन्ह ‘तुतारी’ म्हणून नोंदलेली पिपाणी, तर शरद पवार गटाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. या अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली. फरक मोठा होता म्हणून निकाल वाचला. साताऱ्यात तसं झालं नाही. तिथं शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं गेली. ती सगळी चुकून पडली असं सिद्ध करता येत नाही, पण प्रचार न करणाऱ्या अपक्षाला एवढी मतं आपसूक पडत नाहीत. नामसाधर्म्याचा हा प्रकार जुना आहे. २०१४ मध्ये रायगडला सुनील तटकरे अवघ्या २,११० मतांनी हरले, तेव्हा त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला साडेनऊ हजारांच्या वर मतं मिळाली होती. चिडलेला मतदार घाईत असतो, चिन्ह ऐकीव असतं, यंत्रावर नावं बारीक असतात. म्हणून लाटेच्या निवडणुकीतही चिन्हाची डमी घेऊन घरोघर जाणारा कार्यकर्ता सभेपेक्षा जास्त मतं वाचवतो.

लोकसभेच्या निकालानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीही कांद्यानं फटका दिल्याचं जाहीरपणे मान्य केलं. आणि नोव्हेंबरमध्ये? दिंडोरी लोकसभेखालच्या नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी या सहाही विधानसभा महायुतीनं जिंकल्या.

‘लोक विसरले’ हे याचं स्पष्टीकरण मला आळशी वाटतं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य हटलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कांद्याचा भाव क्विंटलला चार हजारांच्या पुढे होता. म्हणजे रागाचं कारण तात्पुरतं का होईना संपलं होतं. दुसरं, निर्यातबंदी दिल्लीची. ती स्थानिक आमदाराच्या अंगाला चिकटत नाही. त्याच्याकडे लोक रस्ता, विजेची डीपी, तहसीलचं काम आणि सुखदुःखाला हजेरी या हिशेबानं बघतात. तिसरं, मधल्या काळात घरातल्या दुसऱ्या मतदाराच्या खात्यात पैसे आले. लाडकी बहीण योजना जूनच्या अखेरीस जाहीर झाली, महिना १,५०० रुपये, आणि ऑगस्टमध्ये पहिले दोन हप्ते एकदम जमा झाले. कांद्याचा राग सातबाराच्या मालकाचा होता आणि हे पैसे त्याच्या बायकोच्या, सुनेच्या खात्यात होते. घर एक, मतं चार, आणि चौघांची गणितं वेगळी.

पण भावानंच सगळं ठरतं असं म्हणून थांबाल तर मराठवाड्यात फसाल. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ते त्याच्या बरंच खाली विकलं जात होतं. राग होताच. तरी लोकसभेला आठपैकी फक्त छत्रपती संभाजीनगर मिळालेल्या महायुतीनं विधानसभेला मराठवाड्यातल्या बहुतेक जागा घेतल्या. आघाडीनं सोयाबीनला सात हजार म्हटलं, भाजपनं सहा हजार म्हटलं. दोन्हीकडून आश्वासन आलं की त्या मुद्द्यावर निवड करायला काही उरत नाही. शिवाय लोकसभेला मराठा आरक्षणाचा राग एका दिशेला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत आरक्षण आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर गावोगाव नेत्यांना गावबंदीचे फलक लागले आणि मतदानापर्यंत ते वातावरण टिकलं. विधानसभेला या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी उमेदवार देण्याचं ठरवून ४ नोव्हेंबरला माघार घेतली. तोवर ओबीसी समाजातही उलटी एकजूट झाली होती. एका समाजाचा जाहीर राग दुसऱ्या समाजाला गुपचूप घराबाहेर काढतो. पत्रकार मोर्चा मोजतात, ही दुसरी बाजू कुणी मोजत नाही.

आता राग वाटला जातो तेव्हा काय होतं त्याचा नमुना म्हणजे बुलढाणा. सोयाबीन-कापसाच्या आंदोलनातून पुढे आलेले रविकांत तुपकर लोकसभेला अपक्ष उभे राहिले. शिंदे गटाचे प्रतापराव जाधव यांना साडेतीन लाखांच्या जवळ मतं, ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर यांना सव्वातीन लाखांना थोडी कमी, आणि तुपकरांना अडीच लाख. सत्ताधारी उमेदवाराच्या विरोधात पडलेली मतं जिंकलेल्या मतांपेक्षा कितीतरी जास्त, आणि जागा त्यांच्याचकडे, सुमारे २९ हजारांनी. हातकणंगल्यात शेतकरी नेते राजू शेट्टी स्वतंत्र लढले, पावणेदोन लाखांहून जास्त मतं घेतली, आणि शिंदे गटाचे धैर्यशील माने १३ हजारांच्या फरकानं निवडून आले. यात तुपकर किंवा शेट्टी ‘चुकले’ असं म्हणायचं नाही. त्यांचा मतदार त्यांच्याशिवाय ठाकरे गटाकडेच गेला असता, हे गृहीतक आहे. पण सत्ताधारी पक्षाच्या वॉररूममध्ये तिसरा उमेदवार उभा राहावा म्हणून जी धावपळ चालते ती याच गणितासाठी. नाराज मतदार वळवणं अवघड असतं, वाटणं स्वस्त पडतं.

मोजायचं कसं? चॅनेलवरची चर्चा बाजूला ठेवा आणि फॉर्म २० काढा. मतदान केंद्रवार कुणाला किती मतं पडली याचा हा अंतिम तक्ता, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. लोकसभेचा तक्ताही विधानसभा क्षेत्रानुसार असतो, त्यामुळे तालुका सुटा करता येतो. तुलना लोकसभेची लोकसभेशी, विधानसभेची विधानसभेशी करा. केंद्र क्रमांकावर विसंबू नका: याद्यांची फेररचना झाली की ११२ चं ११७ होतं. शाळेचं नाव आणि खोली बघून जुळवा. टपाली मतं वेगळी ओळ असते, ती केंद्रात मिसळू नका.

टक्केवारी पडलेल्या मतांवर काढू नका, नोंदलेल्या मतदारांवर काढा. इथंच बहुतेक जण चुकतात. समजा केंद्रावर १,००० मतदार आहेत. मागच्या वेळी ६५० मतदान: सत्ताधारी ३८०, विरोधक २३०, इतर ४०. या वेळी ६००: सत्ताधारी ३००, विरोधक २४०, इतर ६०. सत्ताधाऱ्यांची ८० मतं गेली, पण विरोधकांकडे फक्त १० आली, २० इतरांकडे, आणि ५० घरीच बसली. पडलेल्या मतांच्या टक्केवारीत विरोधक ३५ वरून ४० वर गेल्यासारखे दिसतात आणि लाट आल्याचा भास होतो. खरं तर मतदार फक्त रुसला आहे. रुसलेला मतदार पुढच्या वेळी एका हप्त्यानं, एका जातीच्या समीकरणानं किंवा उमेदवार बदलल्यानं परत येतो. विरोधकाला मत देऊन आलेला सहसा इतक्या पटकन परतत नाही. विधानसभेला राज्यात मतदान लोकसभेपेक्षा पाचेक टक्क्यांनी वाढून ६६ टक्क्यांच्या आसपास गेलं, त्यात मे महिन्यात घरी बसलेले किती परतले हे बघायचं तर हाच तक्ता लागतो.

एक सावधगिरी. हे सगळे निव्वळ आकडे आहेत. कोणता माणूस कुठून कुठे गेला हे त्यातून कळत नाही. तीस इकडून तिकडे आणि वीस तिकडून इकडे आले तरी तक्ता दहाच दाखवतो. आणि कथा आधी ठरवून आकडे बघू नका. धुळ्याची जागा भाजपनं ३,८३१ मतांनी गमावली, तेव्हा तीही कांद्याच्या खात्यात टाकली गेली. तक्ता उघडला की दिसतं, भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते आणि एकट्या मालेगाव मध्यनं काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना पावणेदोन लाखांहून मोठी आघाडी दिली. कांद्याचा काही वाटा तिथंही असेल, पण निकाल वेगळ्याच रागानं फिरवला.

निवडणुकीआधी अंदाज घ्यायचा तर ‘सरकारवर नाराज आहात का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याला सगळे हो म्हणतात, मत देणारेसुद्धा. क्रम असा ठेवा: गेल्या सहा महिन्यांत घरात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? तो कोणामुळे? मागच्या वेळी मत कुणाला दिलं होतं? आता कुणाला? ‘कोणामुळे’ला तीन वेगळी उत्तरं येत असतील, एक म्हणतो मोदी, दुसरा आमदार, तिसरा व्यापारी, तर तो राग निवडणुकीत उतरणार नाही असं धरून चला. ‘मागच्या वेळी तुम्हालाच दिलं होतं’ म्हणणाऱ्यांची संख्या मागच्या मतांशी ताडून बघा. जास्त निघाली तर लोक तुम्हाला खूश करत आहेत. बायकांशी बोलायला बाई पाठवा आणि चौकात नको, घरी पाठवा, पुरुष शेतावर असतील त्या वेळी. एका विधानसभेसाठी २० केंद्रं आणि प्रत्येकी २० घरं म्हणजे ४०० नमुने. पुस्तकात त्रुटी पाच टक्के लिहिलेली असते, पण एकाच वस्तीतली घरं एकसारखी बोलतात म्हणून प्रत्यक्षात सहा-सात धरा. त्यापेक्षा कमी फरकावर कुणी छातीठोक आकडा देत असेल तर पैसे देऊ नका. मुंबई वायव्यला रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. ते कुठल्याही सर्वेक्षणाला आधी सांगता आलं नसतं.

सत्ताधारी राग कसा उतरवतात हे आता सगळ्या पक्षांना पाठ झालंय. चेहरा बदलायचा: सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातेत भाजपनं मुख्यमंत्र्यांसह पूर्ण मंत्रिमंडळ बदललं आणि पुढच्या वर्षी १८२ पैकी १५६ जागा घेतल्या. खात्यावर पैसे टाकायचे, पण मतदानाच्या बऱ्याच आधी, म्हणजे दोन-तीन हप्ते पडून विश्वास बसतो. आचारसंहितेच्या तोंडावर केलेली घोषणा लोक निवडणुकीचा जुमला म्हणून सोडून देतात. आणि मधलं लोकनियुक्त मंडळच नसेल तर राग चुकीच्या दारात जातो, हा धोका मात्र त्यांनी ओळखला नव्हता. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासक होता. तुंबलेल्या गटारासाठी शिव्या द्यायला नगरसेवक नव्हता म्हटल्यावर त्या आमदार-खासदाराला बसायच्या.

हे आपल्याकडचंच नाही. ब्रिटनमध्ये जुलै २०२४ ला हुजूर पक्षावरचा राग इतका होता की ते १२१ जागांवर आले. पण मजूर पक्षाला मतं मिळाली फक्त ३३.७ टक्के आणि जागा चारशेच्या वर. लोकांनी त्यांना उचलून धरलं असा अर्थ काढला तर चुकतो. विरोधी राग रिफॉर्म पक्षाकडेही गेला, १४ टक्के मतं आणि पाच जागा. अमेरिकेत महागाईचा दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर होता आणि नोव्हेंबर २०२४ पर्यंत तो तीनच्या खाली आला, तरी सत्ताधारी हरले. दर उतरला म्हणजे वाढ मंदावली, वस्तू स्वस्त झाल्या नाहीत. अर्थशास्त्रज्ञ टक्केवारी सांगत राहिले आणि लोक बिल बघत राहिले. लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता आणि जागा ३० विरुद्ध १७. थोडा राग, नीट पसरलेला, जास्त जागा उलथवतो.

राहिला नोटा आणि बहिष्कार. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर नोटा आला. लोकसभा-विधानसभेला त्याचा निकालावर कायदेशीर परिणाम शून्य आहे. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तो विजयी. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणला नोटा २७ हजारांहून जास्त मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता, आणि काँग्रेसचे धीरज देशमुख एक लाखाहून मोठ्या फरकानं आमदार झाले. इंदूरला २०२४ मध्ये काँग्रेस उमेदवारानं अर्ज मागे घेतल्यावर नोटाला २ लाख १८ हजार मतं पडली. भाजपचा खासदार तरीही झालाच. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता नियम वेगळा आहे: राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक. मात्र जागा बिनविरोध झाली तर मतदानच होत नाही, म्हणजे नोटाचं बटण दाबायची संधीच नाही.

गावानं बहिष्कार टाकला तर त्या केंद्रावर शून्य मतं नोंदली जातात आणि मोजणी पुढे सरकते. फेरमतदान केंद्र बळकावणं, यंत्र बिघडणं किंवा नष्ट होणं अशा कारणांसाठी असतं, कमी मतदानासाठी नाही. बहिष्काराचा उपयोग झाला तर तो मतदानाच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत: तहसीलदार, कधी प्रांताधिकारी गावात येतात, पाणीयोजनेची किंवा पुलाची फाईल शोधली जाते. त्या बैठकीत तोंडी आश्वासनावर उठू नका. कामाचं नाव, मंजुरीचा क्रमांक, निधीचं शीर्ष आणि तारीख असलेलं पत्र मागा. नवीन काम मंजूर करायला आचारसंहितेची अडचण सांगतील, ती खरी आहे. पण आधीच कार्यादेश निघून प्रत्यक्ष सुरू झालेलं काम चालू ठेवायला आचारसंहिता आड येत नाही. तेव्हा मागणी अशाच अडकलेल्या कामाची ठेवा.